हँडहेल्डला मेमरी कार्ड घेताय? आधी मशीन बघा, मग कार्ड

आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीच्या गोडाऊनला आता बऱ्याच ठिकाणी बारकोड मारायला हातातलं छोटं कॉम्प्युटर आलंय, हँडहेल्ड म्हणतात सगळे. कुणाकडं नवं अँड्रॉइडचं असतंय तर कुणाकडं जुनं विंडोज सीईवालं, सेकंडहँड आणलेलं. कार्ड दोन्हीला लागतंय, आणि एकच कार्ड दोन्हीत चालेल असं धरून लोक नवी पेठेत जातात, दुकानदार विचारतो किती जीबीचं देऊ, आपण म्हणतो मोठ्यातलं मोठं द्या, आणि गोडाऊनला येऊन घातलं की मशीन कार्ड दाखवतच नाही. कार्ड खराब नसतंय ओ बहुतेक वेळा, त्या मशीनला ते कार्ड ओळखताच येत नसतंय.

तर पहिलं काम, मशीन बंद करा आणि स्लॉट शोधा. बऱ्याच हँडहेल्डमध्ये तो बॅटरीच्या खाली असतोय, बाहेरून दिसत नाही. आताच्या मशीनला मायक्रो एसडी लागतंय, म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. जुन्यांना मोठं एसडी, ३२ बाय २४ मिलिमीटर. त्याहून जुन्या काहींना कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचं चौकोनी जाड कार्ड असतंय, ते वेगळंच घराणं, त्यात एसडी बसायचा प्रश्नच नाही. मोठ्या स्लॉटला मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून चालतंय, फक्त अडॅप्टरच्या कडेचं ते बारीक लॉकचं बटण खाली सरकलेलं नको, नाहीतर वाचता येतंय पण काही लिहिता येत नाही आणि माणूस उगीच कार्ड बदलत बसतो.

आता खरी मेख. आकार सारखा असला तरी आतून कार्डाचे प्रकार वेगळे हायत. साधं एसडी २ जीबीपर्यंत. २००६ ला एसडीएचसी आलं, ते २ च्या पुढं ३२ जीबीपर्यंत. २००९ ला एसडीएक्ससी आलं, ते ३२ च्या पुढं २ टीबीपर्यंत. नियम सरळ हाय, नवीन मशीनमध्ये जुन्या प्रकारचं कार्ड चालतंय, जुन्या मशीनमध्ये नवीन प्रकारचं चालेलच असं नाही. फक्त साधं एसडी ओळखणाऱ्या मशीनमध्ये ८ जीबीचं एसडीएचसी घातलं तर ते कार्ड आपोआप २ जीबीचं होऊन चालत नाही, ते दिसतच नाही, आणि नेमकं हेच लोकांना पटत नाही. म्हणून मशीनच्या मागचा मॉडेल नंबर बघा, त्याचं मॅन्युअल काढा आणि त्यात जास्तीत जास्त किती जीबी आणि कुठला प्रकार लिहिलाय ते वाचा. ३२ लिहिलं असेल तर ३२ च घ्या. एसडीएचसीच्या मशीनमध्ये ६४ चं कार्ड फॅट३२ मध्ये (कार्डावर फायली मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट करून घातलं तर कधीकधी चालून जातंय हे खरंय, पण माझं मत विचाराल तर अख्ख्या गोडाऊनचा स्टॉक ज्याच्यावर हाय तिथं असला जुगाड करू नये. आणि घरातला जुना कार्ड रीडर पण ह्याच नियमात येतोय बरं का, त्यात ६४ चं कार्ड दिसलं नाही म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, आधी दुसऱ्या नव्या मोबाईलमध्ये घालून बघा.

फॉरमॅट शक्यतो त्याच मशीनमध्ये करा. एसडीएक्ससी कार्ड येताना एक्सफॅट नावाच्या दुसऱ्या पद्धतीत येतंय आणि काही मशीनला ते वाचता येत नाही. फॅट३२ सगळीकडं चालतंय पण त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही. बारकोडच्या फायली बारक्याच असतात, त्यामुळं गोडाऊनला काही अडत नाही.

स्पीडचं जास्त टेन्शन घेऊ नका. कार्डावर सी अक्षराच्या आत १० असेल तर स्कॅनिंग, फोटो, बॅकअप सगळं निभतंय. ॲप कार्डावर टाकायची असतील तर ए१ लिहिलेलं घ्या. ए२ कागदावर भारी हाय पण मशीनची त्याला साथ असेल तरच फरक पडतोय. यू च्या पोटात ३ किंवा व्ही३० हे व्हिडिओवाल्यांसाठी, सेकंदाला कमीत कमी ३० एमबी लिहिण्याची हमी. मागं पिनांच्या दोन ओळी असलेलं यूएचएस-२ कार्ड एका ओळीच्या स्लॉटमध्ये चालतंय पण जुन्याच स्पीडनं, म्हणजे पैसे वाया. पोराला गेमचं हँडहेल्ड असेल तरी हेच, स्टीम डेकचा स्लॉट यूएचएस-१ चा हाय, त्याची हद्द सेकंदाला १०४ एमबी, मग पाकिटावर १७० छापलंय म्हणून जास्त पैसे कशाला द्यायचे? उलट २०२५ ला आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ ह्या गेमच्या मशीनला गेम ठेवायला मायक्रो एसडी एक्सप्रेस हे जास्त वेगवान कार्डच लागतंय, साधं मायक्रो एसडी घालून गेम चालणार नाहीत.

आणि नकली कार्ड. ह्यात लई जणांचा डेटा गेलाय. आत मेमरी असते ८ जीबी आणि चिप मशीनला सांगती ५१२. पहिले काही दिवस सगळं बरोबर वाटतंय, ८ भरले की पुढचा डेटा जुन्यावर चढतोय नाहीतर हवेत जातोय, फायलींची नावं दिसतात, उघडत एकही नाही. म्हणून नवं कार्ड कामाला लावायच्या आधीच तपासा. विंडोजला एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सला एफ३ ही फुकटची सॉफ्टवेअर हायत, ती कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडतात. ६४ जीबीला तास-दोन तास लागू शकतात, रात्री लावून ठेवा. कॉम्प्युटरवर ६४ च्या जागी ५९ च्या आसपास दिसलं तर ती फसवणूक नव्हे, कंपनी १००० नं मोजती आणि विंडोज १०२४ नं. पण टेस्टमध्ये एरर आली तर बिल घेऊन तसंच दुकानात जा. बिल घ्याच, आणि जमलं तर मशीन सोबत न्या आणि तिथंच घालून बघा.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे टॉवेलचा फुंदा. लूम जिथं चालतात तिथं तो कापसाचा धुरळा स्लॉटमध्ये जाऊन बसतोय आणि चांगलं कार्ड पण मधीच दिसेनासं होतंय. मशीन बंद करून, बॅटरी काढून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, ओलं कापड लावू नका, पिन घालून खरवडू नका, आणि स्लॉटचं रबरी झाकण तुटलं असेल तर नवं कार्ड घ्यायच्या आधी ते झाकण बसवून घ्या.

अँड्रॉइड ६ पासून पुढच्या काही मशीन कार्ड घातल्यावर विचारतात, पोर्टेबल ठेवू का इंटरनल करू. इंटरनल केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतंय, म्हणजे त्याला डिजिटल कुलूप लागतंय, आणि त्या एकाच मशीनमध्ये उघडतंय. मशीन बंद पडलं तर कार्ड काढून दुसऱ्यात घालून डेटा मिळणार नाही. संध्याकाळी कार्ड काढून ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावायची तुमची पद्धत असेल तर पोर्टेबलच निवडा, आणि काढताना सेटिंगमधून आधी इजेक्ट करा, मगच ओढा.