सभागृहात मवाळ उरलेत का, हे मतांच्या यादीवरून कसं ओळखायचं

वादविवाद स्पर्धेच्या तयारीला बेळगावजवळच्या खानापूर, येळ्ळूरकडची कॉलेजची मुलं माझ्याकडे येतात. विषय अमेरिकेतल्या दोन पक्षांच्या भांडणाचा निघाला की 'पूर्वीचे नेते समंजस होते' हे वाक्य ठरलेलं. पुरावा विचारला की सगळे गप्प. म्हणून मी भाषणं बाजूला ठेवायला लावतो आणि मतांची यादी काढायला सांगतो.

कोऱ्या कागदावर चार घरं आखा. वर दोन पक्षांची नावं, बाजूला 'बाजूनं' आणि 'विरोधात'. पहिल्यांदा १९६४चा नागरी हक्क कायदा घ्या. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, ७३ विरुद्ध २७. डेमोक्रॅट ४६ बाजूनं, २१ विरोधात. रिपब्लिकन २७ बाजूनं, ६ विरोधात. चारही घरं भरली. आता २०१०चा ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा, प्रतिनिधीगृहातलं, म्हणजे खालच्या सभागृहातलं, शेवटचं मतदान घ्या: २१९ विरुद्ध २१२. ३४ डेमोक्रॅट विरोधात गेले. रिपब्लिकनांच्या 'बाजूनं'च्या घरात भोपळा.

इथंच मुलं घाई करतात. घर भरलं म्हणजे तिथं मवाळ बसलेत, असं नाही. १९६४चे ते २१ डेमोक्रॅट बहुतेक दक्षिणेतले, वर्णभेद टिकवायला निघालेले कडवे होते. पण त्यांच्यामुळेच सिनेटमध्ये ६७ जागा असूनही डेमोक्रॅटांना एकट्याच्या बळावर काही करता येईना. लांबत चाललेली चर्चा बंद करायला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागायची. मग विरोधी नेते एव्हरेट डर्कसन यांच्याशी बसून मसुद्यात फेरफार करावे लागले, तेव्हा कुठं मतं आली. तडजोड चांगुलपणातून होते असं मला वाटत नाही. अडलं की होते.

पुढची पायरी म्हणजे पक्ष सोडून मत दिलेल्याचं पुढं काय झालं ते शोधणं. २००९मध्ये ओबामांच्या आर्थिक पॅकेजला तीन रिपब्लिकन सिनेटरांनी साथ दिली. त्यातले आर्लेन स्पेक्टर. स्वपक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचे मतदार उमेदवार निवडतात त्या निवडणुकीत, आपण पडणार हे दिसल्यावर ते डेमोक्रॅट झाले, आणि २०१०ला तिथल्या प्रायमरीतही हरले. एवढं बघितल्यावर बाकीचे कशाला धजावतील?

हाच कागद घेऊन हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाला मात्र जाऊ नका. आपल्याकडे १९८५पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतांवरून आमदाराच्या मनातलं काही कळत नाही. इथं बघायचं ते वेगळं: विधेयक चिकित्सा समितीकडे गेलं की गोंधळातच उरकलं, विरोधकांची एखादी तरी दुरुस्ती मंत्र्यांनी मान्य केली का.

आणि एकमताला भुलू नका. डिसेंबर २०२२मध्ये सुवर्ण विधानसौधात सीमाप्रश्नावर कर्नाटकाचा ठराव एकमतानं झाला. आठवडाभरात नागपुरात महाराष्ट्र विधिमंडळानं त्याच्या उलट ठराव केला, तोही एकमतानं. दोन्हीकडे सत्ताधारी-विरोधक एक झाले, आणि देवाणघेवाण कुणी कुणाशी केली? सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

सरावाला २०२१चं पायाभूत सुविधांचं विधेयक घ्या. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३०, बाजूनं १९ रिपब्लिकन. 'बघा, मवाळ आहेत की!' म्हणत मुलं खूश होतात. त्या १९ नावांपुढं एक रकाना वाढवा: पुढची निवडणूक लढवणार होते का? पोर्टमन, ब्लंट आणि बर या तिघांनी मतदानाच्या आधीच 'पुन्हा उभा राहणार नाही' असं जाहीर केलेलं होतं. उरलेल्या सोळांचा रकाना तुम्ही भरून आणा.