हीप लीचिंग कसं करतात: रसायन सोपं, पाणी खाली उतरवणं अवघड

टनाला अर्धा-पाऊण ग्रॅम सोनं असलेला दगड हातात घेऊन कितीही निरखा, भिंग लावून बघा, त्यात सोनं आहे हे कळणार नाही. असला दगड पिठासारखा दळून टाक्यांमध्ये ढवळत बसलो तर निघालेल्या सोन्यापेक्षा दळणाचा खर्चच जास्त व्हायचा. म्हणून मग हीप लीचिंग. दगड दळायचा नाही, नुसता फोडायचा, न गळणारं अंथरूण घालून त्यावर त्याचा ढीग, म्हणजे हीप, रचायचा, वरून पातळ केमिकलचं पाणी थेंब थेंब सोडायचं, ते झिरपत झिरपत धातू विरघळवत खाली येतं, ते गोळा करायचं, त्यातला धातू काढून घ्यायचा आणि तेच पाणी परत वर चढवायचं. टाकीतल्या पद्धतीत सोनं ९० टक्क्यांच्या वर हाती लागतं, इथे ६० ते ८० टक्के. बाकीचं ढिगातच राहतं आणि तरीही हिशेब जमतो.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, हा घरामागे ड्रम मांडून करून बघायचा प्रकार नाही. सोन्यासाठी सायनाइड लागतं, तांब्यासाठी सल्फ्युरिक ॲसिड, आणि दोन्हींना परवाने, ट्रेनिंग झालेली माणसं, गॅसचे अलार्म असं सगळं लागतंच. खालचं सगळं खाणीवर हे काम कसं चालतं ते समजावं म्हणून.

तशी पद्धत जुनी आहे. स्पेनमधल्या रिओ टिंटोला १८ व्या शतकातच ढिगांवर पाणी सोडून तांबं काढायचे. सायनाइडने सोनं काढायचं पेटंट ग्लासगोच्या मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंचं, १८८७ चं. सोन्याचे मोठे हीप मात्र १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत नेवाडातल्या कॉर्टेझ खाणीत सुरू झाले, म्हणजे रसायन माहीत होऊन ८० वर्षं होऊन गेली होती. आता यातली मेख ऐका. नवीन माणूस आला की सायनाइड किती, ॲसिड किती, हेच विचारतो. ते शेवटी विचारायचं. आधी विचारायचं की या ढिगातून पाणी सगळीकडून सारखं खाली उतरणार का?

आधी दगड ओळखा

पहिली टेस्ट बॉटल रोलची. दगडाचा नमुना आणि सोल्युशन बाटलीत घालून बाटली रोलरवर फिरवत ठेवायची. सायनाइडने सोनं मुळात विरघळतं का आणि सायनाइड किती खर्च होतं, एवढंच त्यातून कळतं. दगडात विरघळणारं तांबं असेल तर ते सायनाइड खाऊन टाकतं, सोन्याच्या वाट्याला उरत नाही. दगडात सेंद्रिय कार्बन असेल तर अजून वाईट, विरघळलेलं सोनं तोच परत शोषून घेतो, याला प्रेग-रॉबिंग म्हणतात. सोनं पायराइटच्या, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाच्या, आत कोंडलेलं असेल तर पाणी तिथे पोचतच नाही, तो दगड हीपच्या कामाचा नाही, तिथे हट्ट करू नये.

दुसरी टेस्ट कॉलमची, आणि खरी परीक्षा हीच. उभ्या पाइपमध्ये फोडलेला दगड भरायचा, वरून प्रत्यक्ष हीपवर सोडणार त्याच वेगाने थेंब सोडायचे आणि खाली रोज काय येतं ते मोजायचं, दोन-तीन महिने. मी पहिला कॉलम भरला तेव्हा घाईत बादली वरून मधोमध ओतली. जाड खडे घरंगळून पाइपच्या कडेला गेले, चुरा मधे साचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वर बोटभर पाणी उभं आणि खाली कडेकडेने धार, मधला दगड जवळजवळ कोरडा! सगळा कॉलम उपसून परत भरावा लागला. चिडचिड झाली खूप, पण एक झालं, पुढे मोठ्या ढिगात जे जे बिघडताना बघितलं ते सगळं त्या पाइपमध्ये आधीच बघून झालं होतं. कॉलममध्ये आलेला आकडा हीपवर तसाच येईल असंही धरू नका, दोन-तीन टक्के कमीच धरा.

फोडणं आणि गोळ्या करणं

सोन्याच्या हीपला दगड साधारण १२ ते २५ मिलिमीटरपर्यंत फोडतात, काही ठिकाणी खाणीतून आला तसाच टाकतात. बारीक फोडला तर सोनं जास्त सुटतं पण चुराही जास्त होतो, आणि चुरा म्हणजे पाण्याची वाट बंद. दगडात चिकणमाती असेल तर विचारायलाच नको.

यावरचा इलाज म्हणजे ॲग्लोमरेशन. फिरत्या ड्रममध्ये दगड, टनाला काही किलो सिमेंट आणि पाणी असं घालतात, की चुरा मोठ्या खड्यांना चिकटून गोळ्या होतात. मग एक-दोन दिवस त्या गोळ्या मुरू द्यायच्या. गोळी जमली की नाही हे बघायला लॅब लागत नाही. मूठभर गोळ्या चाळणीत घ्या, बादलीभर पाण्यात चाळणी हळूच बुडवा, पाच-दहा वेळा वरखाली करा. पाणी जरासं धुरकट झालं तर ठीक. पाण्याचा चिखल झाला आणि चाळणीत नुसते खडे उरले तर सिमेंट कमी पडलंय किंवा ओल चुकलीय, तो माल ढिगावर नेऊ नका. बाहेर काढलेली गोळी दोन बोटांत दाबून बघा, लगेच विरघळल्यासारखी पसरायला नको.

चुनाही इथेच, दगडावर कोरडा टाकायचा. सायनाइडचं पाणी पीएच १० ते ११ ला ठेवावं लागतं. पीएच ९.२ च्या आसपास उतरला की निम्मं सायनाइड हायड्रोजन सायनाइड होतं, आणि तो गॅस जीव घेतो. ढीग रचून झाल्यावर आतला पीएच वरून सुधारायला आठवडे जातात, म्हणून चुना आधीच.

तांब्याच्या हीपमध्ये मात्र सिमेंट चालत नाही, ॲसिड ते खाऊन टाकतं. तिथे ड्रममध्येच ॲसिड आणि पाणी मिसळून गोळ्या करतात.

पॅड

ढिगाखालचं अंथरूण. जमीन उताराची करून घ्यायची, वर साधारण ३० सेंटिमीटर चिकणमाती दाबून बसवायची, त्यावर दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा एचडीपीई लायनर, म्हणजे टणक प्लास्टिकची चादर, त्यावर भोकं पाडलेले ड्रेन पाइप आणि बारीक खडीचा थर. लायनरचे जोड दुहेरी वेल्डचे असतात, दोन वेल्डच्या मधल्या पोकळीत हवा भरतात आणि प्रेशर उतरतंय का ते बघत बसतात, कंटाळवाणं काम आहे पण एकही जोड सोडायचा नाही. लायनर टाकायच्या आधी खालची जमीन माणसांनी चालत चालत टोकदार दगड वेचून साफ करायची. एकदा वर लाखभर टन दगड चढला की खालचं भोक कुणाला बुजवता येत नाही.

खडी आणि ड्रेन पाइप यांच्यात कंजूषी नको. लायनरवर पाणी साचून राहिलं की गळती वाढते आणि ढिगाचा पायाही निसरडा होतो. १३ फेब्रुवारी २०२४ ला तुर्कस्तानातल्या चोप्लर खाणीत हीप घसरला आणि ९ कामगार त्याखाली गाडले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या युकॉनमध्ये ईगल खाणीचा हीपही घसरला.

रचणं आणि थेंब सोडणं

एकेक थर, म्हणजे लिफ्ट, ६ ते १० मीटर उंचीची. कन्व्हेयर आणि स्टॅकरने रचलेली चांगली. डंपर वर चढवले तर चाकांखाली पृष्ठभाग दाबून घट्ट होतो, मग रिपरने, म्हणजे यंत्रामागच्या लोखंडी दातांनी, खोल नांगरून घ्यावा लागतो. ढिगावर माल ओतताना जाड खडे पायथ्याशी घरंगळतात आणि चुरा वरच राहतो, माझ्या त्या कॉलमसारखंच.

आता थेंब. चौरस मीटरला तासाला ५ ते १२ लिटर, एवढंच. पाणी जास्त सोडलं तर काम लवकर होईल असं वाटतं, पण सोनं विरघळायला सायनाइडबरोबर ऑक्सिजनही लागतो, आणि तो दगडांमधल्या फटींतल्या हवेतून येतो. फटी पाण्याने भरून टाकल्या तर हवा कुठून येणार? वर डबकी दिसली की त्या भागाचा पंप बंद करा आणि आधी कारण शोधा. सायनाइडच्या डबक्यांवर पक्षी येऊन मरतात, ते वेगळंच. ड्रिपर बुजतात त्यामुळे लाइनवर रोज चालत जाऊन कोरडे पट्टे बघायचे, दगडाचा रंग बघूनच कळतं.

एक हिशेब मांडून बघू. १०,००० चौरस मीटरवर ८ मीटरचा थर, घनमीटरला १.६ टन धरला तर १,२८,००० टन दगड. टनाला ०.७ ग्रॅम सोनं म्हणजे जवळजवळ ९० किलो, त्यातलं ७० टक्के निघालं तर ६३ किलोच्या आसपास. चौरस मीटरला तासाला १० लिटर धरलं तर एकूण १०० घनमीटर पाणी ताशी, ९० दिवसांत २,१६,००० घनमीटर. म्हणजे खाली येणाऱ्या लिटरभर पाण्यात सरासरी ०.३ मिलिग्रॅम सोनं. सुरुवातीला जास्त, मग उतरत उतरत शेवटी नावापुरतं.

तलाव आणि धातू काढणं

खाली आलेल्या धातूच्या पाण्याला सगळे नुसतं प्रेग म्हणतात. एक तलाव प्रेगचा, एक धातू काढून झालेल्या पाण्याचा, म्हणजे बॅरनचा, आणि तिसरा रिकामा ठेवायचा. हा रिकामा तलाव बघून हिशेबवाले हमखास विचारतात, याची काय गरज? वीज गेली, परत वर चढवायचे पंप बंद पडले तरी ढिगातलं पाणी उतरतच राहतं, वरच्या उदाहरणात पहिल्या २४ तासांत २,४०० घनमीटरपर्यंत. त्यात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर अजून १,०००. हे जाणार कुठे?

सोनं धरायला प्रेग ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या टाक्यांतून नेतात, कार्बन बहुधा नारळाच्या करवंटीचा. कार्बनवरचं सोनं गरम कॉस्टिक सोल्युशनने सोडवतात, विजेने स्टील वूलवर बसवतात आणि मग भट्टी. चांदी भरपूर असेल तर कार्बन पुरत नाही, तिथे झिंक पावडरची मेरिल-क्रो पद्धत. तांब्याला सॉल्व्हेंट एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाण्यातलं तांबं तेलकट द्रावणात ओढून घेणं, आणि मग विजेने कॅथोडची प्लेट, ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीने हे १९६८ ला पहिल्यांदा धंद्याच्या पातळीवर करून दाखवलं. तांब्याचं ऑक्साइड असेल तर काही महिन्यांत काम होतं. सल्फाइड असेल तर बॅक्टेरियांना कामाला लावतात, खालून पंख्याने हवा देतात, आणि तरी वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. त्यातही चाल्कोपायराइट हे तांब्याचं सल्फाइड खनिज महाहट्टी, साध्या हीपमध्ये फारसा दाद देत नाही.

बंद करताना

उतारा पडला, प्रेगमध्ये काही येईना, की सायनाइड घालणं थांबवून साध्या पाण्याने ढीग धुवायचा. सलग धुण्यापेक्षा काही दिवस धुवून काही दिवस सोडून द्यायचं, कारण चुऱ्याच्या भागात अडकलेलं पाणी सावकाशच बाहेर येतं. उरलेलं सायनाइड हायड्रोजन पेरॉक्साइडने किंवा सल्फर डायऑक्साइड आणि हवेने मोडतात. मग वर माती, गवत, पावसाचं पाणी बाजूला काढणारे चर. पंप काढून नेले तरी ड्रेन पाइपातून पाणी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टपकत राहतं, म्हणून शेवटचा तलाव इतक्यात बुजवू नका आणि त्या पाइपाखाली बादली धरून मिनिटाला किती येतंय हे वहीत लिहायला एक माणूस ठेवाच.