एक ते चार बंद: इटलीच्या छोट्या गावांतून गाडीने फिरताना या चुका टाळा

पहिल्या खेपेला आमच्या वहीत नऊ दिवसांत चौदा गावं होती. प्रत्येक गावापुढे मी ठळक अक्षरांत 'दोन तास' असं लिहून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "अगं, आपण गावं बघतोय की पार्किंगं?" त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तीन पार्किंगं पाहिली होती, तिन्ही गावाच्या तटाबाहेरची.

दोन वर्षांनी तोच भाग पुन्हा केला, तेव्हा मुक्काम फक्त दोन ठेवले. दक्षिण टस्कनीत वाल दॉर्चाच्या टेकड्यांमध्ये पाच रात्री आणि पितिल्यानोजवळ चार. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका पहिल्या खेपेच्या आहेत. एक-दोन दुसऱ्या खेपेच्याही, कारण शहाणपण हप्त्याहप्त्याने येतं.

नकाशावरच्या मिनिटांवर विश्वास

पिएन्झा ते मोन्तेपुल्चानो हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. नकाशा वीस-पंचवीस मिनिटं दाखवतो आणि तेवढा वेळ चाकांना पुरतोही. माणसांना पुरत नाही. गाव टेकडीच्या माथ्यावर, गाडी पायथ्याशी, मधे चढ. पार्किंगचं यंत्र नाणी मागतं, आईला बाथरूम शोधायचं असतं, आणि वाटेत सरूची झाडं अशा काही रांगेत उभी असतात की थांबल्याशिवाय राहवत नाही. आम्ही पुढे साधा हिशेब ठेवला: नकाशावरच्या वेळेत पाऊण तास मिळवायचा, सकाळी एक गाव, दुपारी चारनंतर वाटलं तर दुसरं.

मुक्काम बदलण्याचा दिवस तर जवळजवळ पूर्ण जातो. सकाळी दहाला खोली सोडायची, नवी खोली तीन-चारला मिळणार, मधल्या वेळात सगळ्या बॅगा गाडीत. बॅगा गाडीत ठेवून तासन्‌तास भटकणं इटलीत कुठेही बरं नाही. नऊ दिवसांत पाच मुक्काम म्हणजे असे चार दिवस गेले. दोन मुक्काम म्हणजे एकच.

मुक्कामासाठी 'आग्रीतुरिस्मो' मिळालं तर उत्तम. म्हणजे शेती चालू असलेल्या शेतकऱ्याने आपल्याच घरात किंवा जुन्या गोठ्यात पाहुण्यांची सोय करणं. १९८५ पासून तिथे त्याचा वेगळा कायदाच आहे. चूक होते ती तारखांत. उन्हाळ्याच्या मोसमात यातल्या बऱ्याच जागा शनिवार ते शनिवार अशा आठवड्याच्या हिशेबानेच मिळतात. विमानाचं तिकीट आधी काढून मग जागा शोधली, तर मधल्या वारी कुणी दारात उभं करत नाही. आणि १५ ऑगस्टचा आठवडा टाळाच. 'फेर्रागोस्तो' म्हणून अख्खा इटली तेव्हा सुट्टीवर असतो.

अशा घरांकडे जाणारा शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर बहुधा पांढऱ्या मातीचा, खडीचा. या 'स्त्रादे ब्यांके' दिसायला सुरेख असतात, पण भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावरचं नुकसान, टायर, काच आणि गाडीचा तळ यांपैकी काय काय वगळतो ते करारात वाचून घ्या. काउंटरवर सही करताना वाचायला वेळ नसतो, म्हणून आदल्या रात्री वाचा.

परवाना, क्रेडिट कार्ड आणि डावं-उजवं

भारतातला परवाना एकटा चालत नाही. सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आपल्या आरटीओकडून निघतं आणि वर्षभर चालतं. निघण्याआधी काढायचं, तिथे गेल्यावर मिळण्याची सोय नाही. न्यू जर्सीहून येणाऱ्या मराठी मंडळींनाही ते लागतंच. युरोपीय संघातल्या देशाचा परवाना असेल तर गरज नाही. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. आमच्याकडे परवाना माझा आणि कार्ड नवऱ्याचं, त्यामुळे विमानतळावर तासभर गेला.

गाडी लहान घ्या. मोठी गाडी फुकट मिळत असली तरी लहानच घ्या. गावांतल्या गल्ल्या घोड्या-गाढवांच्या मापाच्या आहेत.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं दोन तासांत जमतं, पण घात होतो तो सकाळी. शेतघरातून बाहेर पडताना समोर एकही गाडी नसते आणि हात सवयीने डावीकडे वळवतात. दुसरं म्हणजे आपण डावीकडे बसलेलो असतो, त्यामुळे गाडीची उजवी कड किती बाहेर आहे याचा अंदाज चुकतो आणि आरसा भिंतीला घासतो. शेजारी बसलेल्याने नकाशाबरोबर तीही कड सांभाळायची. पहिले दोन दिवस मी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू करत होते, तेवढं माफ.

तीन अक्षरं: झेडटीएल

सगळ्यात महागाची चूक हीच. जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि खाली झेडटीएल ही तीन रोमन अक्षरं. तिथे ना फाटक, ना हवालदार, फक्त कॅमेरा. दिव्यांची पाटी असेल तर तिच्यावर 'वार्को आत्तीवो' असं लिहिलेलं दिसतं. आपण 'ॲक्टिव्ह' वाचतो आणि रस्ता चालू आहे असं समजतो. अर्थ बरोबर उलटा: कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका. 'नॉन आत्तीवो' असेल तेव्हा जाता येतं. नकाशाचं ॲप यातलं सगळंच सांगेल असं धरून चालू नका. ते लांबी मोजतं, बंदी दरवेळी मोजत नाही.

उपाय साधा आहे. हॉटेलचा पत्ता ॲपमध्ये टाकूच नका, गावाबाहेरच्या पार्किंगचा टाका आणि वर चालत जा. बॅगा घेऊन आत जावंच लागणार असेल तर हॉटेलला आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी हॉटेल गाडीचा नंबर नगरपालिकेकडे नोंदवून देतं.

आणि चुकून शिरलातच तर? गडबडून तिथेच उलटं फिरू नका. एकेरी गल्लीत उलटी गाडी म्हणजे दुसरा दंड, शिवाय भिंत. सरळ बाहेर पडा, दुसऱ्या कॅमेऱ्यासमोरून पुन्हा आत जाऊ नका, कारण पुन्हा दंड लागू शकतो. मुक्काम त्या हद्दीतल्या हॉटेलात असेल तर पोचताक्षणी सांगा. काही गावांत नोंद नंतरही करता येते, पण मुदत थोडी असते.

पार्किंगचे रंग पाठ करा: पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या राखीव. पांढऱ्यातही कधी वेळेची मर्यादा असते, तेव्हा काचेमागे आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी ठेवायची. ती बहुधा गाडीतच असते. वेळांच्या पाटीवर एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे दिसले तर ती वेळ कामाच्या दिवसांची, क्रूस दिसला तर रविवार-सुट्टीची. शनिवार हातोड्यांत मोडतो. आणि आठवडी बाजाराचा वार विचारून घ्या. रात्री निवांत वाटलेल्या चौकात सकाळी सहाला चीजवाल्याची गाडी येते आणि तुमची उचलली जाते. पाटीवर 'मेर्कातो' आणि गाडी ओढून नेण्याचं चित्र एकत्र दिसलं की तिथे थांबायचं नाही.

दुपार

पुण्याबाहेरचे लोक पुण्यावर 'एक ते चार बंद' म्हणून हसतात. आम्हा पुणेकरांना इटलीच्या खेड्यात अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. एक वाजला की वाणी, बेकरी, औषधाचं दुकान आणि बऱ्याचदा देऊळही बंद. उघडणार साडेतीन-चारला. सोमवारी सकाळीही बरीच दुकानं बंद असतात. जेवण साडेबाराला सुरू होतं आणि अडीचच्या सुमारास स्वयंपाकघराची चूल थंड. तीन वाजता दारात उभं राहून कितीही गयावया केली तरी साडेसातपर्यंत काही शिजत नाही.

उशीर झालाच तर 'बार' शोधा. इटलीतला बार म्हणजे आपल्याकडचं हॉटेल: कॉफी, सँडविच, गप्पा, म्हातारे. त्याहून बरं म्हणजे सकाळीच वाण्याकडून पाव, टोमॅटो, चीज घेऊन गाडीत ठेवणं. आमची दुसऱ्या खेपेतली सगळ्यात चांगली जेवणं अशीच झाली. दुपारच्या त्या तीन तासांत फिरण्याचा हट्ट सोडला, तर गाव बंद असल्याचा रागही येत नाही. आम्ही शेतघरी परतायचो, बाबा चक्क वामकुक्षी घ्यायचे.

शाकाहाऱ्यांची चूक अशी की 'मांस नको' एवढंच सांगायचं. तिथल्या बऱ्याच जणांच्या लेखी पदार्थात पेरलेले डुकराच्या चरबीचे तुकडे म्हणजे मांस नव्हे, चव. पांचेत्ता, ग्वांचाले, स्पेक ही नावं घेऊन नको म्हणा. भाजीच्या सूपला 'ब्रोदो' कशाचा तेही विचारा, कारण आत हाडांचं पाणी असू शकतं. पिएन्झाचं पेकोरिनो प्रसिद्ध आहे, पण मेंढीच्या दुधाच्या या चीजला विरजण बहुधा कोकराच्या पोटातलं असतं. चालत नसेल तर 'कालियो वेजेताले', म्हणजे वनस्पतीचं विरजण, असं लिहिलेलं शोधा. खायला सोपी गोष्ट म्हणजे पिची: नुसतं पीठ आणि पाणी, तळव्याखाली वळलेली जाड शेवई, वर लसूण-टोमॅटोचा रस्सा. आईने ती काट्यावर उचलून पाहिली आणि म्हणाली, "हे तर आपलं वळवट." बिलात माणशी 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, तो बसण्याचा आकार आहे आणि मेनूत लिहिलेला असतो.

वाइन चाखायला जाणार असाल तर एक जण कोरडा राहायला हवा. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

गाव निवडताना

फोटोत दिसतं तेच गाव सगळ्यांना हवं असतं. चिविता दी बान्योरेज्योला गाडी जातच नाही. लांबलचक पादचारी पूल चढून, तिकीट काढून आत जावं लागतं. हे तिकीट २०१३ मध्ये सुरू झालं. भर दुपारी गेलात तर पुलावर तुळशीबाग. सकाळी लवकर जा. पिएन्झा म्हणजे पोप पायस दुसरा याने आपलं जन्मगाव १४५९ पासून तीनेक वर्षांत नव्याने बांधून घेतलं ते. ते तासाभरात 'उरकतं', पण तटावर बसून समोरची दरी बघायला तास पुरत नाही. बान्यो विन्योनीच्या चौकात चौक नाहीच, गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे. खाली पाणचक्क्यांच्या अवशेषांपाशी वाहत्या पाण्यात पाय बुडवता येतात, आणि आमच्याकडून पहिल्या खेपेला हेच राहिलं होतं. वहीत दोन तास होते, त्यातला एक पार्किंगला गेला.

पितिल्यानोला आम्ही शनिवारी पोचलो. तुफा दगडाच्या कड्यावरचं हे गाव तिथल्या जुन्या ज्यू वस्तीमुळे 'छोटं जेरुसलेम' म्हणून ओळखलं जातं. सिनेगॉग सोळाव्या शतकाच्या अखेरचं, आणि शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, म्हणून बंद. चार रात्रींचा मुक्काम होता म्हणून रविवारी पाहिलं. पहिल्या खेपेच्या वेळापत्रकात ते कायमचं राहिलं असतं. शनिवारचा मोकळा दिवस रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी कड्यात खोदलेल्या खोल वाटांवरून चालण्यात गेला.

गावाच्या वेशीवर गोगलगायीचं चित्र दिसलं तर ते 'चित्तास्लो' या संथ गावांच्या संघटनेचं. १९९९ मध्ये ऑर्व्हिएतो, ग्रेव्हे, ब्रा आणि पोझितानो या गावांनी ती सुरू केली, आणि पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीची गावं तिच्यात येतात. गोगलगाय असली तरी कॅमेरा असतोच, हे वेगळं सांगायला नको.

टोल, पेट्रोल

महामार्गाच्या पाट्या हिरव्या, साध्या रस्त्यांच्या निळ्या. हळू फिरायचं तर निळ्या धरा. महामार्गावर वेग १३०, पावसात ११०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९०, वस्तीत ५०. टोलनाक्यावर पिवळी 'तेलेपास' (तिकडचा फास्टॅग) लेन टाळा. शिरलातच तर मागे घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. यंत्र पावती देतं आणि पैसे नंतर भरता येतात.

पंपावर 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल, 'गाझोलियो' म्हणजे डिझेल. दुपारी आणि रविवारी माणूस नसतो, फक्त यंत्र असतं. नोट टाकली तर तेवढ्याचंच भरा, उरलेले पैसे यंत्र परत देत नाही. कार्ड टाकलं तर मोठी रक्कम काही दिवस अडकून राहू शकते. म्हणून टाकी अर्धी झाली की सकाळीच भरायची.

गाडी परत केल्यानंतर

छोट्या गावातलं भाड्याच्या गाडीचं कार्यालय दुपारी आणि रविवारी बंद असू शकतं, तेव्हा परतीची वेळ आरक्षणाच्या वेळीच तपासा. चारही बाजू, चाकं, किलोमीटर आणि टाकीचा काटा यांचा व्हिडिओ काढा आणि वर्षभर ठेवा.

वर्षभर अशासाठी, की आमच्या कार्डावरून चार महिन्यांनी काही युरो कापले गेले. मी समजले, झेडटीएलचा दंड भरला गेला. तो दंड नव्हताच. माझं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचा तो भाडे कंपनीचा आकार होता. खरं पत्र त्यानंतर दोन महिन्यांनी पुण्याला आलं. परदेशी पत्त्यावर दंडाची नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते. पत्र हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट मिळते. बाबांनी ते पत्र चष्मा लावून वाचलं, तारीख आणि वेळ पाहिली आणि म्हणाले, "दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे आपण जेवायला जागा शोधत होतो तेव्हाच."