एआयच्या उत्तरात आपल्या पानाचं नाव कसं यावं: एका हापूस विक्रेत्याच्या पानावरून

चैत्र लागला की पुण्या-मुंबईतला माणूस मोबाइलला विचारतो, ‘खरा देवगड हापूस कसा ओळखायचा आणि घरपोच कोण देतं?’ पूर्वी याच्या उत्तरात दुव्यांची यादी यायची. आता चॅटजीपीटी, परप्लेक्सिटी किंवा गुगलचा एआय मोड तयार परिच्छेद देतो आणि सोबत चार-पाच संकेतस्थळांचा हवाला. त्या चार-पाचांत यायचं कसं, एवढाच इथला विषय. उदाहरणाला हापूस घेतलाय. तुम्ही पैठणी विकत असाल किंवा सोलर पंप, रीत तीच.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. विचारलेल्या एका प्रश्नाचे ते स्वतःच तीन-चार छोटे प्रश्न करतं: ओळखण्याच्या खुणा, चालू दर, पुण्यात पोच, जीआय (भौगोलिक) मानांकन. प्रत्येकासाठी शोध घेतं, काही पानं उघडतं, त्यांतले कामाचे तुकडे उचलतं आणि जोडून उत्तर लिहितं. हवाला मिळतो तो अशा तुकड्यामुळे. म्हणून तुमचं पान त्याला वाचता आलं पाहिजे, आणि त्यातला एखादा परिच्छेद बाकीच्या पानाशिवायही पुरा अर्थ देणारा हवा.

दार उघडं आहे का?

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, आणि मजकूर लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोबोट्स डॉट टीएक्सटी (robots.txt) ही फाइल उघडा. कोणत्या बॉटने, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमने, आत यायचं आणि कोणत्याने नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे तीन मुख्य बॉट असे. जीपीटीबॉट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट शोधासाठी पानं नोंदवतो, आणि कुणी प्रश्न विचारल्यावर त्या क्षणी पान उघडायला येतो तो चॅटजीपीटी-युजर. ‘आमचा मजकूर फुकट शिकायला देणार नाही’ म्हणून जीपीटीबॉट अडवला तरी चालतं, शोधातली जागा जात नाही. पण त्या भरात ओएआय-सर्चबॉटही अडवलात तर हवाल्याची आशा सोडा. परप्लेक्सिटीबॉट आणि बिंगबॉट यांनाही वाट मोकळी ठेवा. फाइलीत ही नावं अर्थातच रोमन लिपीत लिहायची. बदल केल्यावर ओपनएआयच्या शोधात तो लागू व्हायला साधारण २४ तास जातात, त्यामुळे तासाभरात निकाल शोधू नका.

गुगलचं गणित वेगळं. शोधातल्या एआय उत्तरांसाठी नेहमीचा गुगलबॉटच वापरला जातो, गुगलच्या एआय मॉडेलांना मजकूर नाकारण्यासाठी असलेलं गुगल-एक्स्टेंडेड हे नाव फाइलीत अडवल्याने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो ‘नोस्निपेट’ खुणेने, म्हणजे ‘या पानातला उतारा दाखवू नका’ असं सांगणाऱ्या पानाच्या कोडमधल्या सूचनेने. एखाद्या प्लगइनने ती पानावर लावून ठेवली असेल, तर पान शोधात दिसेल पण एआयच्या उत्तरात त्याचा मजकूर येणार नाही.

फाइल स्वच्छ असूनही बॉट परत जात असेल तर होस्टिंगवाल्याकडून सर्व्हर लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंद, मागा आणि बॉटच्या नावापुढे ४०३ (प्रवेश नाकारला) दिसतो का ते पाहा. दिसला तर फायरवॉल, म्हणजे संकेतस्थळाची सुरक्षा-भिंत, अडवतेय. संकेतस्थळापुढे क्लाउडफ्लेअर ही सुरक्षा-सेवा वापरत असाल तर त्याचं पॅनेल आधी तपासा, जुलै २०२५ पासून नव्या डोमेनसाठी एआय क्रॉलर अडवणं हीच तिथली मूळ सेटिंग आहे.

यंत्राला नेमकं काय दिसतं?

कॉम्प्युटरवर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. पानाचा कच्चा कोड दिसेल. त्यात पेटीचा दर शोधा. सापडला नाही तर तो जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, मागाहून भरला जातोय. गुगलबॉट जावास्क्रिप्ट चालवतो, पण एआय कंपन्यांचे बहुतेक बॉट ती चालवत नाहीत. ग्राहकाला दर दिसतो, त्यांना कोरी चौकट. डेव्हलपरला सांगा, दर, वजन, पोच आणि प्रश्नोत्तरं सर्व्हरवरूनच तयार होऊन आली पाहिजेत.

मराठी पानांचं आणखी एक जुनं दुखणं म्हणजे फॉन्ट. कॅटलॉग शिवाजी, कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत बसवून पीडीएफ चढवलेली असते. डोळ्यांना ती सुबक मराठी दिसते. तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर यंत्रही तीच खिचडी वाचतंय. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून साध्या पानावर टाका. दरपत्रकाचं पोस्टर फोटो म्हणून टाकायची सवयही अशीच नडते. पोस्टर राहू द्या, पण त्यावरचा प्रत्येक आकडा खाली टाइप केलेला हवा.

उचलता येईल असा परिच्छेद

खरी मेहनत इथे आहे. हापूसच्या पानांवर हमखास आढळणारा मजकूर असा असतो:

‘कोकणच्या लाल मातीचा गंध, पिढ्यानपिढ्यांची परंपरा आणि ग्राहकांचा अढळ विश्वास! आमचा आंबा म्हणजे अस्सलपणाची खात्री.’

यातून कोणत्याच प्रश्नाचं उत्तर निघत नाही, मग यंत्र उचलणार काय? तोच परिच्छेद असा लिहून पाहा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला.

‘देवगड हापूसच्या ५ डझनांच्या पेटीत २३० ते २७० ग्रॅमची फळं असतात, म्हणजे पेटीत साधारण १५ किलो आंबा. फळं अर्धपक्की पाठवली जातात आणि घरी पेंढ्यात आढी लावल्यावर ५ ते ७ दिवसांत पिकतात. पिकवायला कॅल्शिअम कार्बाइड वापरलं जात नाही, भारतात त्यावर बंदी आहे. पुण्यात पेटी तिसऱ्या दिवशी पोचते. पेटीचा १५ एप्रिलचा दर ____ रुपये.’

वरच्या मजकुरात ‘आमचा’ होता, इथे ‘देवगड हापूस’ आहे. परिच्छेद पानावरून सुटा झाला की ‘आमचा’ कुणाचा ते कळत नाही. आकड्यांसोबत एकक आहे, दरासोबत तारीख आहे. प्रत्येक परिच्छेदावर ग्राहकाच्या तोंडी असतो तसा प्रश्न मथळा म्हणून द्या, ‘पेटीत किती आंबे येतात?’ असा, आणि उत्तर पहिल्याच वाक्यात. साठ-सत्तर शब्दांत विषय संपवा. प्रस्तावना लिहायची हौस असेल तर ती पानाच्या तळाशी भागवा.

प्रिन्स्टन विद्यापीठ आणि आयआयटी दिल्लीच्या संशोधकांसह एका गटाने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासातही हेच दिसतं. १०,००० प्रश्नांच्या संचावर त्यांनी मजकुरातले निरनिराळे बदल तपासले. आकडेवारी, अवतरणं आणि स्रोतांचे उल्लेख घातल्यावर उत्तरातली दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढली. कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, ठासून भरण्याने मात्र फायदा झाला नाही. तेव्हा एकाच पानात ‘बेस्ट देवगड हापूस पुणे’ चौदा वेळा लिहिणाऱ्या एजन्सीला पैसे देताना विचार करा.

स्रोत द्यायचा तो मुळाचा. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी जीआय मानांकन मिळालं, हे लिहिताना जीआय नोंदणी कार्यालयाचा दुवा जोडा. तुम्ही स्वतः या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल तर तुमचा नोंदणी क्रमांकही लिहा. ही माहिती दुसऱ्या कुणाच्या पानावर असायची शक्यता कमी, आणि यंत्राला तुमच्याकडे यायला तेच कारण पुरतं. खऱ्या हापूसच्या खुणा सगळेच लिहितात. तुमच्या बागेतल्या या हंगामाच्या पहिल्या तोडणीची तारीख तुम्हीच लिहू शकता.

तारीख, नाव, गावभरचा बोलबाला

दर हंगामाला नवं पान काढू नका. जुन्याच पत्त्यावर दर आणि तारखा बदला, वर ‘अद्ययावत’ म्हणून दिवस लिहा. आतला मजकूर तसाच ठेवून नुसती तारीख पुढे ढकलली, तर ग्राहकाला गेल्या वर्षीचा दर सांगितला जाईल आणि भांडण तुमच्या दारात येईल.

दुकानाचं नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः सारखे हवेत: संकेतस्थळ, गुगल बिझनेस प्रोफाइल, यूट्यूब, इन्स्टाग्राम. एके ठिकाणी ‘आंबेवाले’ आणि दुसरीकडे ‘मँगोज’ असेल तर यंत्र दोन दुकानं समजू शकतं. मराठी आणि रोमन अशी नावाची दोन्ही रूपं ‘आमच्याविषयी’ पानावर एकदा शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

एआयला संकेतस्थळाची ओळख करून देणारी म्हणून एलएलएमएस डॉट टीएक्सटी (llms.txt) नावाची फाइल विकणारे सध्या बरेच भेटतील. २०२४ मध्ये पुढे आलेला तो एक प्रस्ताव आहे, गुगलने तिची गरज नसल्याचं सांगितलंय. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘या दुकानाची शिफारस कर’ असं लपवणारे महाभागही आहेत. गुगलच्या नियमांत लपवलेला मजकूर स्पॅम ठरतो, आणि पकडला गेला तर साध्या शोधातूनही पान जाऊ शकतं.

मोजायचं कसं

ग्राहक फोनवर विचारतात ते १५ प्रश्न वहीतून काढा, त्यांच्याच शब्दांत. प्रत्येक प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत, तीन वेगवेगळ्या दिवशी, लॉग-इन न करता विचारा. एकदा विचारून निष्कर्ष काढू नका, तोच प्रश्न संध्याकाळी वेगळे हवाले देतो. तक्त्यात लिहा: प्रश्न, दिवस, साधन, कुणाचा हवाला, आपली माहिती बरोबर की चूक. चॅटजीपीटीतल्या दुव्यांवरून येणारे लोक गुगल ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या साधनात) स्रोताच्या रकान्यात चॅटजीपीटी डॉट कॉम म्हणून दिसतात. गुगलच्या एआय उत्तरांतले क्लिक सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनातल्या ‘वेब’ आकड्यात मिसळतात, म्हणून तिथे हा तक्ताच कामाला येतो.

माहिती चुकीची आली तर हवाल्यावर क्लिक करून ती कुठून उचलली ते पाहा. बऱ्याचदा ती एखाद्या डिरेक्टरीतली चार वर्षांपूर्वीची तुमचीच नोंद असते. पासवर्ड आठवून ती आधी दुरुस्त करा, मग दोन आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.