लॉगिनच्या पडद्याविना डेस्कटॉप: स्टार्टएक्स देण्याआधीची तयारी

माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यावरचा लॉगिनचा चित्रमय पडदा मी बंद करून ठेवला आहे. संगणक सुरू झाला की काळ्या कन्सोलवर नाव आणि पासवर्ड विचारला जातो, आणि गरज पडेल तेव्हाच स्टार्टएक्स ही कमांड देऊन मी एक्सएफसीई डेस्कटॉप उघडतो. पुढील तयारी याच मांडणीला धरून सांगितली आहे. कमांडची व फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये लिहायची आहेत.

सर्वांत आधी परतीची वाट तपासावी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 या कळा एकत्र दाबल्यावर दुसरा कन्सोल उघडतो का आणि तेथे लॉगिन होते का, हे आत्ताच पाहून घ्यावे, कारण डेस्कटॉप अर्धवट उघडून अडकला तर दुरुस्ती तेथूनच करावी लागते. कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस दाबून एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्रमय डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) जागीच बंद करण्याची जुनी सोय आता सहसा बंद ठेवलेली असते. तिच्यावर विसंबू नये.

कमांड स्वतःच्या साध्या खात्यातून आणि प्रत्यक्ष यंत्रासमोर बसूनच द्यायची आहे. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करून, ती दिल्यास, कन्सोलवरील वापरकर्त्यालाच परवानगी आहे, असे उत्तर मिळते. आणि हे उत्तर पाहून पुष्कळांचा हात सुडोकडे, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने कमांड चालवण्याकडे, जातो, तो मात्र आवरावा. सुडोने एकदा डेस्कटॉप उघडला की घरच्या फोल्डरातील एक्सऑथॉरिटी ही लपलेली फाइल रूटच्या मालकीची होऊन बसू शकते, आणि मग स्वतःच्या खात्यातून डेस्कटॉप उघडायला गेले की तो उघडताक्षणी मिटतो. असे आधी झालेले असल्यास एलएस कमांडने त्या फाइलीचा मालक पाहावा आणि मालक बदलणाऱ्या चाउन कमांडने ती पुन्हा आपल्या नावावर करावी. डिस्क गच्च भरली असली तरी हीच लक्षणे दिसतात, कारण ती फाइल लिहिताच येत नाही. एकदा संपूर्ण संध्याकाळ ड्रायव्हरला दोष देण्यात घालवल्यानंतर मला डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफ कमांडने शंभर टक्क्यांचा आकडा दाखवला होता. तेव्हापासून डीएफ आधी.

पॅकेजांपैकी एक्सऑर्ग, एक्सइनिट आणि एक्सएफसीई 4 ही तर हवीतच, पण शिफारस केलेली पॅकेजे गाळून आटोपशीर स्थापना केली असेल, तर लिबपॅम-सिस्टिमडी आहे ना, हेही पाहावे. रूटचे अधिकार न घेता चालणाऱ्या एक्स सर्व्हरला पडदा व कीबोर्ड वापरण्याची मुभा लॉगिनच्या नोंदीवरून मिळते, आणि ती नोंद हे पॅकेज करते. लॉगिनचा पडदा दाखवणारा लाइटडीएम काढून टाकण्याची गरज नाही. सिस्टिमसीटीएल कमांडने मल्टी-युजर हे टार्गेट (बूट होताना संगणकाने गाठायची अवस्था) नेहमीचे म्हणून ठरवले की पुढच्या बूटपासून तो उघडत नाही, आणि मन बदलल्यास ग्राफिकल हे टार्गेट परत ठरवता येते.

आता खरा गुंता. स्टार्टएक्स प्रथम घरच्या फोल्डरात एक्सइनिटआरसी ही लपलेली फाइल शोधते, आणि ती सापडली तर फक्त तिच्यात लिहिलेले चालवते; ती नसेल, तर डेबियन आपल्या एक्ससेशन या व्यवस्थेतून (डेस्कटॉप उघडताना चालणाऱ्या स्क्रिप्टांमधून) जाते. मराठी टाइप करणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. मराठी टायपिंगची सोय देणारा आयबस हा प्रोग्राम सुरू करून देणारी आयएम-कॉन्फिग या पॅकेजची जोडणी याच एक्ससेशनमध्ये असते, त्यामुळे दुसऱ्या वितरणासाठी लिहिलेली एक्सइनिटआरसी जशीच्या तशी उचलून आणली, तर डेस्कटॉप व्यवस्थित उघडतो, फाँट दिसतात, मजकूर वाचता येतो, आणि कळफलक मात्र रोमनवरून हलायला तयार नसतो. म्हणून डेबियनवर एक्सइनिटआरसी शक्यतो ठेवूच नये. त्याऐवजी याच व्यवस्थेकडून वाचली जाणारी एक्ससेशन नावाची लपलेली फाइल घरच्या फोल्डरात करून तिच्यात एक्झेक स्टार्टएक्सएफसीई4 एवढी एकच ओळ लिहावी. अधिक ओळी हव्याच असतील, तर डेस्कटॉपची ओळ शेवटी ठेवावी आणि तिच्या टोकाला अँपरसँड (&) देऊ नये. तो दिला की फाइल लगेच संपते आणि तिच्यामागोमाग एक्स सर्व्हरही आवरता घेतो. कन्सोलवर मराठी नावाच्या फाइलींच्या जागी चौकोन दिसले, तर मात्र काही बिघडलेले नाही. त्या कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर 512 आकृत्या मावतात आणि जोडाक्षरांची मांडणी त्याला जमत नाही.

पहिल्यांदा कमांड देताना एक्स सर्व्हरची नोंदवही (लॉग फाइल) कोठे आहे, हे माहीत असावे. एक्स सर्व्हर साध्या खात्यातून चालला असेल, तर ती घरच्या फोल्डरातील लपलेले लोकल, मग शेअर, एक्सऑर्ग या वाटेवर मिळते, आणि तो रूटच्या अधिकाराने चालला असेल, तर व्हार-लॉगमध्ये. तिच्यात कंसात दोनदा ई असलेल्या ओळी आधी वाचाव्यात; दोनदा डब्ल्यू असलेल्या बऱ्याचशा ओळींकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

सारे सुरळीत चालले, की रोजच्या वापरात नुसते स्टार्टएक्स न देता एक्झेक स्टार्टएक्स द्यावे. एक्झेकमुळे शेलची (कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्रामची) जागाच ती कमांड घेते; नुसत्या कमांडमागे मात्र लॉगिन झालेला शेल उघडाच राहतो, आणि पडदा कुलूपबंद असताना एक्स सर्व्हर काही कारणाने बंद पडला, तर समोर असलेल्याच्या हाती आपले अख्खे खाते लागते. हीच ओळ लॉगिन होताच वाचल्या जाणाऱ्या प्रोफाइल फाइलीत घालून डेस्कटॉप आपोआप उघडायचा असेल, तर ती फक्त पहिल्या कन्सोलवरच चालेल अशी अट तिला जोडावी. नाहीतर एक्स बिघडल्या दिवशी प्रत्येक कन्सोल लॉगिन होताच बाहेर काढील, आणि आधी तपासलेला एफ 3 वरचा कन्सोलही त्याला अपवाद असणार नाही.