खरेदीचा भागाकार: सवलत, हिरव्या वस्तू आणि जिभेचे लाड एका पिशवीत कसे बसवावेत

माझ्या स्वयंपाकघरात एक खण आहे, तो सहसा कुणी उघडत नाही. सवलतीत घेतलेल्या आणि कधीच न वापरलेल्या वस्तू त्यात पडून असतात. स्टीलच्या स्ट्रॉंचा संच, बांबूचे चमचे, लिंबू पिळायचं एक यंत्र (लिंबू पिळायला अर्धा मिनिट, यंत्र धुवायला पाच), आणि एकीत एक कोंबलेल्या अकरा कापडी पिशव्या. यातली प्रत्येक वस्तू घेताना माझे पैसे वाचले होते. निदान पावतीवर तरी तसं छापलेलं होतं.

एका रविवारी तो खण रिकामा करायला बसले तेव्हा चूक लक्षात आली. दुकानात मी कायम वजाबाकी करत होते: मूळ किंमत वजा सूट. करायला हवा होता भागाकार. किंमत भागिले वजन, किंमत भागिले वापर, आणि खाऊच्या बाबतीत किंमत भागिले चवीने खाल्लेले घास. तो कसा करायचा ते पुढे सांगते.

पायरी १: निघण्याआधी फ्रीजची मागची रांग पुढे ओढा

यादी दुकानात आठवत बसू नका, फ्रीजसमोर उभं राहून करा. अर्धी उरलेली सॉसची बाटली, मऊ पडलेले टोमॅटो, उघडून विसरलेलं चीज हे आधी संपवायचं आहे, म्हणून यादी त्याच्याभोवती रचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं. कुजलेली भाजी कचऱ्यात टाकताना तिच्यावर तीस टक्के सूट मिळाली होती हे आठवून फारसं बरं वाटत नाही.

आणि पोटात काहीतरी ढकलून जा. भुकेल्या माणसाला सगळाच माल गरजेचा दिसतो.

पायरी २: मोठा आकडा सोडा, बारीक आकडा वाचा

फळीवरच्या चिठ्ठीवर किंमत ठळक असते, दर किलोचा किंवा दर १०० ग्रॅमचा भाव कोपऱ्यात बारीक. युरोपीय संघाने १९९८ मध्ये हा एकक-भाव दाखवणं बंधनकारक केलं. तुमच्या दुकानात तो नसेल तर फोनवरचा कॅल्क्युलेटर आहेच. तेवढाही कंटाळा असेल तर पटींचा हिशोब धरा. लहान पुडा २०० ग्रॅमचा आणि मोठा ५०० ग्रॅमचा असेल, तर मोठा पुडा किमतीने अडीचपटीपेक्षा कमी हवा. तसा नसेल तर ‘फॅमिली पॅक’ या नावापलीकडे त्यात काही जास्त नाही. असे पुडे निघतात, आणि वाटतात त्यापेक्षा जास्त वेळा निघतात.

कशाने भागायचं हे वस्तूवर ठरतं. कपडे धुण्याच्या पावडरीला वजनाने भागू नका, एका पुड्यात किती धुणी निघतात त्याने भागा, कारण दाट पावडर थोडी लागते. टिश्यूच्या रोलला कागदांच्या संख्येने भागा. डबाबंद कडधान्यांना पाणी निथळल्यावरच्या वजनाने भागा. ते डब्यावर वेगळं छापलेलं असतं. ओळखीच्या पुड्यावरचं वजनही अधूनमधून तपासत जा. खोका तोच, रंग तोच, आणि आत २०० ऐवजी १८० ग्रॅम. किंमत न वाढवता भाव वाढवण्याची ही जुनी युक्ती आहे.

मग दुसरा, जास्त प्रामाणिक भागाकार. ५०० ग्रॅममधलं १५० ग्रॅम शेवटी फेकलं जाणार असेल, तर किमतीला ३५० ने भागा. बहुतेक स्वस्ताई इथेच संपते.

ऑफरच्या पाट्यांचं भाषांतरही पाठ करून ठेवण्यासारखं आहे. ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ म्हणजे ३३ टक्के सूट. ‘दुसऱ्या नगावर ५० टक्के’ म्हणजे दोन्हींवर मिळून फक्त २५. ‘५० टक्के जास्त माल’ हे ऐकायला निम्मी किंमत वाटतं, पण ती सूट ३३ टक्क्यांची आहे. आणि ‘५० टक्के, त्यावर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६०. दुसरी सूट उरलेल्या अर्ध्यावर मिळते.

‘फुकट’ या शब्दापुढे मात्र गणित चालत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. टेबलावर दोन चॉकलेटं ठेवली होती: एक उंची ट्रफल १५ सेंटला, एक साधं १ सेंटला. बहुतेकांनी ट्रफल उचललं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने कमी केली, म्हणजे १४ सेंट आणि फुकट. फरक तोच राहिला, तरी आता बहुतेकांनी साधं उचललं. त्यामुळे कशासोबत काहीतरी फुकट मिळत असेल तर मी स्वतःला विचारते, ही भेटवस्तू एकटी विकायला ठेवली असती तर मी हात लावला असता का? खोडलेल्या मूळ किमतीसाठी आणखी सोपा उपाय आहे. तिच्यावर अंगठा ठेवा आणि उरलेली किंमत वाचा.

पायरी ३: हिरव्या वस्तूला विचारा, ‘तू माझ्याकडे किती दिवस टिकणार?’

हिरव्या, म्हणजे पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा हा भाग जरा लांब आहे, कारण माझे सर्वांत जास्त पैसे इथेच गेले.

पुड्यावरच्या हिरव्या पानापासून सुरुवात करू. पर्यावरणाचं नाव पुढे करून माल खपवण्याला ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने दिला. निमित्त होतं हॉटेलांमधल्या ‘टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा’ या चिठ्ठ्यांचं. ‘नैसर्गिक’, ‘निसर्गस्नेही’ अशा मोघम शब्दांवरून काहीच ठरत नाही. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे कधीतरी, कुठेतरी विघटन होईल, आणि या ‘कधीतरी’त सगळं आलं. ‘कंपोस्टेबल’ला, म्हणजे खत होऊ शकणाऱ्या वस्तूला, निदान मोजमाप आहे. ईएन १३४३२ हे युरोपीय मानक लावलेल्या वेष्टनाचे १२ आठवड्यांत बारीक तुकडे व्हावे लागतात आणि सहा महिन्यांत ९० टक्के विघटन. मात्र ही चाचणी औद्योगिक खतप्रकल्पासारख्या परिस्थितीत, साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. गॅलरीतल्या कुंडीत तेवढी उष्णता कुठून येणार? मक्याच्या स्टार्चपासून बनवलेला पारदर्शक पीएलए ग्लास तिथे महिनोन्महिने तसाच चकचकीत राहतो.

‘बांबूचा’ कप दिसला की तो उलटा करून खालचं वाचा. लाकडासारखा दिसणारा बांबू वेगळा आणि प्लास्टिकसारखा गुळगुळीत, रंगीत ‘बांबू फायबर’ वेगळा. दुसऱ्यात बांबूची भुकटी मेलामाइनच्या राळेत कालवलेली असते. असे काही कप गरम पेयांत मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड सोडतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्येच दिला होता. चहा-कॉफीसाठी असा कप घेऊच नका. घरात आधीच असेल तर त्यात पेनं ठेवा.

आता माझ्या अकरा पिशव्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशोब मांडला. तिथल्या दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी किती वेळा वापरावी लागेल? फक्त हवामानाचा निकष धरला तर ५२ वेळा, पर्यावरणाचे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाच्या पिशवीला तर त्याहून जास्त: १४९ आणि २०,०००. आठवड्यातून एकदा पिशवी नेली तर ५२ फेऱ्यांना वर्ष लागतं, ७,१०० फेऱ्यांना १३६ वर्षं. उघड्यावर पडणाऱ्या, नाल्यात तुंबणाऱ्या प्लास्टिकचा उपद्रव या हिशोबात नव्हता, म्हणून ‘मग प्लास्टिकच बरं’ असा अर्थ काढू नका. यातून कळतं ते एवढंच की जास्तीत जास्त दोन पिशव्या ठेवाव्यात, त्याच विटेपर्यंत वापराव्यात, आणि बारावी फुकट मिळाली तरी नको म्हणावं. अकरातल्या नऊ मी ओळखीच्यांना वाटल्या. त्यांच्याकडेही बहुधा तसाच एक खण असेल.

गमतीदार हिरव्या वस्तूंपैकी माझ्याकडे टिकलेल्या अशा:

मेणाचं कापड. सुती कापडावर मधमाश्यांचं मेण चढवलेलं असतं, तळहाताच्या उबेने ते मऊ होऊन वाटीला चिकटतं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याआधीच ढिलं पडतं, म्हणून ते गरम अन्नावर घालू नका आणि गरम पाण्याने धुऊ नका. थंड पाणी, किंचित साबण, सावलीत वाळवणं. कच्चं मांस-मासे यात गुंडाळायचे नाहीत, कारण मग ते कापड कढत पाण्याने धुवावं लागेल आणि तेच करता येत नाही. विकतचं महाग वाटलं तर घरी करा. जुन्या सुती शर्टाचा तुकडा घ्या, त्यावर किसलेलं मेण पसरा, वरखाली बेकिंगचा कागद ठेवा आणि मंद इस्त्री फिरवा. चुण्या पडून चिकटणं कमी झालं की हाच प्रयोग पुन्हा.

घोसाळ्याची जाळी. भांडी घासायला आणि अंग चोळायला. हे वाळवलेलं फळच असल्याने कचऱ्यात टाकताना विचार करावा लागत नाही. वापरल्यावर पिळून टांगून ठेवा. ओली पडू दिली तर आठवड्यात वास मारते.

शाम्पूची वडी. बाटलीतल्या शाम्पूत सर्वांत जास्त असतं ते पाणी, त्यामुळे एक वडी बरीच पुरते. घटकांची यादी मात्र वाचा. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट अशी नावं असतील तर तो साबण आहे. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात तो केसांवर चिकट थर सोडतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असेल तर तसं होत नाही. भोकांच्या साबणदाणीत ठेवली नाही तर तिचा लगदा होतो, आणि मग दर धुण्यामागचा भागाकार कोसळतो.

बांबूचा टूथब्रश. दांडी बांबूची असली तरी केस बहुतेकदा नायलॉनचेच असतात. टाकताना ते पक्कडीने उपटून वेगळे करावे लागतात. माझा पहिला ब्रश बंद कपाटात ठेवला होता, महिन्याभरात खालून काळा पडला. उघड्यावर, उभा, कोरडा ठेवा. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायचाच असतो, त्यामुळे हा घेण्यात अर्थ आहे. पण घरातले प्लास्टिकचे चांगले ब्रश फेकून नको.

पायरी ४: वाचलेल्या पैशांतून थोडं चांगलं खा

इथे मी पायरी २ मोडते. तांदूळ, तेल, डाळ दर किलोच्या भावाने. चॉकलेट, चीज, बिस्किटं मात्र लहान पुड्यात, दर १०० ग्रॅमला महाग पडली तरी. एकच चव खात गेलं की तिची गोडी घासागणिक उतरते, दुसऱ्या चवीची मात्र तशीच राहते. आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगांतून दाखवलं. जेवून गच्च झाल्यावरही गोडाला जागा होते ती यामुळेच. म्हणून एकाच प्रकारचा मोठा डबा घेण्यापेक्षा दोन प्रकारची लहान पाकिटं घ्या.

चॉकलेट चावू नका, जिभेवर ठेवून थांबा. त्यातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या उबेच्या जरा खालीच वितळतं. त्याची सगळी मजा त्या वितळण्यात आहे. वर पांढुरकी झाक आलेलं चॉकलेट स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या. बहुधा उष्णतेने चरबी वर आलेली असते. चव थोडी उतरते, पण ते खराब झालेलं नसतं. केकमध्ये घातलं तर कुणाला कळतही नाही.

मुदत जवळ आलेल्या मालाची फळी शोधून काढा. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्ज्याची तारीख असते; बिस्किटं, कॉफी, मसाले ती उलटल्यावरही नीट ठेवलेले असतील तर चालतात. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे, तिच्याशी घासाघीस नको. दुकान बंद होतानाचा स्वस्त ब्रेड घेतलात तर फ्रीजमध्ये ठेवू नका. त्या थंडाव्यात ब्रेडमधला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. काप करून थेट फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढे काढून भाजा. काळी पडलेली केळीही सोलून गोठवा, मग मिक्सरमधून काढा. दुसरं काहीही न घालता आइस्क्रीमसारखं लागतं.

आणि आइस्क्रीमवरून आठवलं. खाता येणारे कप, खाता येणारे चमचे हल्ली नवी कल्पना म्हणून विकले जातात. शंकूची साधी वेफर त्याच्या कितीतरी आधीची. आइस्क्रीमचे खाण्याजोगे कप बनवण्याच्या साच्याचं अमेरिकी पेटंट १९०३ मध्ये इटालो मार्कियोनी यांना मिळालं होतं. न धुता, न टाकता, एकाच वापरात पूर्ण वसूल होणारं भांडं माझ्या पाहण्यात हे एकच. फक्त खालचं टोक आधी चावू नका.