दुपारी दोन वाजता तुमचा प्राणी कुठे असतो?

काल्पनिक प्राण्याचं कॅरेक्टर डिझाइन करायला घेतलं की पहिला हात रंगाकडे जातो. वाळवंट म्हणजे पिवळट, बर्फ म्हणजे पांढरं, झालं काम. सिल्हूट (नुसती बाह्याकृती), थंबनेल (छोटी कच्ची चित्रं) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

माझं घोडं अडलं ते पुढे. वाळवंटी कोल्ह्यासारखा प्राणी होता. ऊन म्हणून मोठे कान दिले, ऊन म्हणूनच केस उडवले. प्राणी काही केल्या पटेना. मग फेनेक हा खराखुरा वाळवंटी कोल्हा नीट पाहिला. कान 10 ते 15 सेंटिमीटर, पण अंगावर दाट केस, तळव्यांवरसुद्धा! कारण स्वारी दिवसा बिळात असते आणि शिकारीला निघते रात्री, गारठ्यात. अंगावरचे केस थंडीसाठी, तळव्यांचे तापलेल्या वाळूसाठी; कान उष्णता बाहेर टाकतात आणि वाळूखालच्या किड्याची खुडबुडही टिपतात. म्हणजे नुसतं 'वाळवंट' म्हणून भागत नाही. दुपारी दोनला तो कुठे असतो? रात्री दोनला काय करतो? जमिनीच्या वर की खाली? बिळात राहणाऱ्याला पसरट शिंगं दिलीत तर तो दारातच अडकेल. तेच उंट उघड्यावर उभा राहतो, म्हणून लांब पाय, मिटणाऱ्या नाकपुड्या, पापण्यांना केसांच्या दोन रांगा. वाळवंट तेच, पण दोघांचे तास वेगळे.

घाबरू नका, यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. अ‍ॅलनचा 1877 चा नियम सांगतो की थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे कान, शेपटी, पाय सहसा आखूड असतात. तरी हिमबिबट्याची शेपटी लांबलचक असते. कड्यावर तोल सांभाळायला, झोपताना तोंडावर घ्यायला. नियम माहीत असावा, डोक्यावर बसू देऊ नये.

चार प्राण्यांचे तुकडे जोडून 'ओरिजिनल' म्हणणं मात्र सोडाच. पोर्टफोलिओ बघणाऱ्याला ते लगेच कळतं. आणि 'मजा नाही आली' एवढंच बोलणारा मेंटॉर काय कामाचा? त्यापेक्षा खटकलेल्या रेषेवर बोट ठेवणारा खडूस सिनियर परवडला.

एक राहिलंच. कुत्र्या-मांजराच्या मागच्या पायाचा 'उलटा गुडघा' ही टाच असते. खरा गुडघा वर, पोटालगत. टर्नअराउंडच्या (तोच प्राणी सगळ्या बाजूंनी काढण्याच्या) आधी प्राणी पळताना, बसताना आणि कान खाजवताना काढून बघा. सांधा चुकला असेल तर खाजवतानाच पाय कानापर्यंत पोचत नाही.